आधी बघा, मग पुसा : सशांच्या लेंड्या, शू आणि हनुवटीवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं सशांबद्दल काय विचारायचं ते विचारा, मला वाटलं लोक विचारतील काय खायला घालू, कुठली जात घेऊ, पण आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं निघाली लेंड्यांवर. एका वाचकाने तर फोटो पाठवलाय, अगदी जवळून काढलेला, बाजूला मोजपट्टी ठेवून. घरचे हसले असतील त्यांना, पण मला त्यांचं कौतुकच वाटलं, कारण आजारी सशाला घेऊन डॉक्टरकडे जाताना नेमका असाच फोटो लागतो. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं ससे पाळतेय आणि रोज सकाळी चहाच्या आधी ट्रे साफ करतेय, त्यातून जे कळलं आणि जे वाचलं ते लिहितेय.

ताई, आमचा ससा पाच महिन्यांचा आहे. दोन महिन्यांचा आणला तेव्हापासून शहाण्यासारखा ट्रेमध्येच सगळं करायचा, आता गेले दोनतीन आठवडे काय झालंय कळत नाही, खोलीभर लेंड्या, सोफ्यावर लेंड्या, माझ्या उशीवर शू. परवा तर माझ्या पायांभोवती गोल गोल पळत होता आणि एकदम उडी मारून पायावरच फवारा मारला. मी ओरडले म्हणून सूड घेतोय का?

सूड वगैरे काही नाही हो. तुमचा ससा बिघडला नाहीये, वयात आलाय. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे होतं, लहान जातींत जरा लवकर आणि मोठ्यांत उशिरा, आणि काल काय शिकवलं होतं ते सगळं हार्मोन्स धुऊन नेतात. पायांभोवती फेऱ्या मारताना तो बारीक आवाजात घूं घूं असं काही करत होता का आठवून बघा, बहुतेक करत असणार. तो आवाज, त्या फेऱ्या आणि तो फवारा, हे सगळं मिळून सशांच्या भाषेत लग्नाची मागणी आहे आणि ती तुमच्या पायांना घातली गेलीय, आता यावर रागवायचं तरी कसं.

लेंड्यांचं मात्र नीट बघा, कारण विखुरलेल्या लेंड्या आणि एका जागी पडलेला ढीग यांचा अर्थ एक नाही. ढीग म्हणजे त्याने ती जागा संडास म्हणून पक्की केलीय, तिथे मुकाट्याने दुसरा ट्रे ठेवून द्यायचा, भांडायचं नाही. आणि सुट्या सुट्या, कडक, कोरड्या, हातभर अंतराने एकेक टाकलेल्या लेंड्या, खास करून दाराजवळ, पिंजऱ्याच्या तोंडाशी, गालिच्याच्या कडेला, त्या खुणा आहेत. गुदाशेजारी ग्रंथी असतात, त्यांचा वास लेंडीला लागतो आणि दुसऱ्या सशाने हुंगलं की त्याला कळतं इथे कोणीतरी राहतं. जंगली ससेही बिळाच्या आसपास ठराविक जागांवर असेच ढीग लावून हद्द सांगतात. तुमच्या उशीवरची शू पण त्यातलीच, उशीला तुमचा वास सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच आपलाही सातबारा चढवायचा.

उपाय एकच खरा आहे, नसबंदी. नराची साधारण चार महिन्यांपासून करतात, मादीची बहुतेक पाचसहा महिन्यांनंतर, पण नेमकं कधी ते तुमचा डॉक्टर वजन वगैरे बघून ठरवेल. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी ससा साधू होईल असं नाही, अंगातले हार्मोन्स ओसरायला चार ते सहा आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात नर मादीला पिल्लं पण देऊ शकतो हे लक्षात ठेवा म्हणजे झालं. मादी असेल तर मी तर म्हणेन कराच, फवारे आणि लेंड्या सोडा, नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण फार आहे. आणि हो, सशांचं काम करणाऱ्याच डॉक्टरकडे न्या. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर परत एकदा विचारा, उलट सशाचं पोट रिकामं राहणं हेच धोक्याचं.

तोपर्यंत काय करायचं, तर मोकाट खोली बंद. थोडी जागा द्या, त्यात त्याने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात ट्रे, ट्रेमध्ये कागदाचं लिटर (म्हणजे शू शोषून घेणारा भरणा) आणि वरून किंवा कडेला भरपूर सुकं गवत, कारण ससा खाता खाताच हगतो, तोंड गवतात आणि बूड ट्रेमध्ये अशी बैठक जमली की अर्धं काम झालं. ओला झाल्यावर गोळा होणारं मांजरांचं लिटर नको, ते पोटात गेलं तर अडकतं, पाइन सीडारच्या लाकडाचा ताजा भुसाही नको. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाका, शू पुसलेला एक टिश्यूही तिथेच ठेवा, आणि ट्रे धुताना अगदी चकाचक करू नका, थोडा त्याचा वास राहू द्या. बाहेरची शू मात्र पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, वासही जातो आणि तो जो पांढरा थर बसतो तोही सुटतो. ब्लीच नको, शूमध्ये अमोनिया असतो, दोन्ही एकत्र आले की जो धूर निघतो तो तुम्हालाही वाईट आणि त्यालाही. ओरडणं, नाक घासणं हे तर अजिबात नको, त्याला एवढंच कळतं की ही बाई अधूनमधून पिसाळते.

आमची ससुली दिवसभर हनुवटी घासत फिरते. खुर्चीचा पाय, माझी चप्पल, लॅपटॉप, रिमोट. खाज असेल का? मलम लावू का?

मलम राहू द्या. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, ती घासते म्हणजे वस्तूवर सही करते. आपल्याला त्याचा काही वास येत नाही, डागही पडत नाही, सगळ्यात सभ्य प्रकारची खूण आहे ही. घरात नवीन काही आणलं, अगदी पार्सलचा खोका जरी ठेवला, तरी दोन मिनिटांत येऊन सही होते. नर जास्त करतात, त्यातही जो दादा असतो तो सगळ्यात जास्त. 1960च्या दशकात ऑस्ट्रेलियात रोमन मिकिटोविच नावाच्या शास्त्रज्ञाने सशांच्या या ग्रंथींचा पिच्छाच पुरवला होता, त्यांना दिसलं की कळपात ज्याचा वरचा दर्जा त्याची हनुवटीची ग्रंथी मोठी आणि घासणंही जास्त. मादी आपल्या पिल्लांनाही असं घासून ठेवते. तुमच्या चपलेला घासलं म्हणजे चप्पल तिची झाली, तुम्ही फक्त वापरताय.

हनुवटीखालचे केस सतत ओले, चिकट किंवा गळून गेलेले दिसले तर मात्र ते सहीचं नाही, तिथे दातांची भानगड असू शकते, लाळ गळत असते. ते दाखवून घ्या.

आमच्या सशाच्या बुडाला काळपट, चिकट, भयंकर वासाचे गोळे लटकलेले असतात. रोज पूर्ण आंघोळ घालतो तरी दुसऱ्या दिवशी तेच. जुलाब आहेत का? वय तीन वर्षं, वजन चांगलं आहे, खाणंपिणं उत्तम, पेलेट फूड (दाबून केलेल्या कोरड्या तुकड्यांचं तयार खाणं) वाटीभर सकाळी वाटीभर संध्याकाळी, केळं तर जीव की प्राण.

तीन गोष्टी. पहिली, आंघोळ आजच्या आज बंद करा. सशाला पाण्यात बुडवलं की तो इतका घाबरतो की त्यातच काहीतरी होऊन बसतं, शिवाय दाट केस लवकर वाळत नाहीत आणि अंग गार पडतं. घाण झाली असेल तेवढाच भाग कोमट पाण्याने, मऊ हाताने, आणि नंतर पूर्ण कोरडा.

दुसरी, हे जुलाब नाहीत, बहुतेक. ससा दोन प्रकारची शी करतो हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं, मला स्वतःलाही पहिल्या सशाच्या वेळी माहीत नव्हतं आणि मी घाबरून जाऊन फरशी डेटॉलने पुसत बसले होते. एक ती नेहमीची, गोल, कोरडी, वाटाण्याएवढी, दिवसाला दोनतीनशे सहज पडतात. एक उचलून दोन बोटांत चुरडून बघा (घाण काही नाही हो, हात धुवा नंतर), आतून नुसता गवताचा भुसा निघतो, वास जवळपास नाहीच. दुसरी म्हणजे मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखी बारीक बारीक गोळ्यांचा घोस असलेली, वरून बुळबुळीत आवरण आणि वास असा की नको. ही खरं म्हणजे शी नाहीच, जेवण आहे. सशाच्या पोटात सीकम नावाची एक भली मोठी पिशवी असते, गवताचे जाड तंतू आतड्यातून सरळ पुढे जाऊन कोरड्या लेंड्या होतात आणि बारीक कण उलटे फिरून त्या पिशवीत जातात, तिथे जिवाणू ते आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि बी, के अशी जीवनसत्त्वं तयार होतात, आणि मग तो माल बाहेर येतो तेव्हा ससा मान वाकवून थेट बुडाला तोंड लावून गिळून टाकतो, चावत पण नाही. तुम्ही कधी बघितलं असेल, निवांत बसलेला ससा अचानक डोकं मागच्या पायांमध्ये घालतो, वर येतो आणि काहीतरी तोंडात हलवत आपल्याकडे भोळेपणाने बघतो. तेच ते. ते खाऊ देत, अडवू नका, त्याच्याशिवाय त्याचं पोषण पुरं होत नाही.

म्हणजे निरोगी सशाच्या घरात हे गोळे आपल्याला दिसायलाच नको. दिसताहेत आणि बुडाला चिकटताहेत म्हणजे एकतर ते जास्त तयार होताहेत, किंवा त्याला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाहीये. तुमचं पत्र वाचून मला दोन्ही वाटतं. वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी आणि वर केळं, ताई हो की दादा हो, हे फार झालं. पेलेट फूड सशाच्या वजनाच्या एका किलोला दिवसभरात साधारण 25 ग्रॅम, त्याच्यावर नाही, केळं म्हणजे नखाएवढा तुकडा आणि तोही रोज नाही, बाकी सगळं सुकं गवत, पोटभर, दिवसरात्र. साखर आणि पिठूळ खाण्याने त्या पिशवीतलं आंबणं बिघडतं, गोळे पातळ होतात आणि ससा ते खायला नाही म्हणतो. आणि "वजन चांगलं आहे" म्हणताय ते नक्की किती चांगलं आहे ते तराजूवर बघा, कारण लठ्ठ सशाची मान बुडापर्यंत पोचतच नाही. म्हातारा असेल, सांधे दुखत असतील, दात दुखत असतील, गळ्यात ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो शंकूसारखा पट्टा असेल तरी तेच होतं. खाणं एका दिवसात बदलू नका, दोनतीन आठवडे घेऊन हळूहळू कमी करा.

तिसरी गोष्ट घाईची. बुडाला घाण चिकटलेली असेल आणि घरात माश्या असतील तर दिवसातून दोनदा उलटं करून बघा, शेपटीच्या खाली, मांड्यांच्या घडीत. माशी तिथे अंडी घालते, दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. एकसुद्धा अळी दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, तेव्हाच निघायचं.

आणि खरे पाण्यासारखे जुलाब, ज्यात कोरडी लेंडी एकही नाही, ते वेगळे. मोठ्या सशांत क्वचित होतात, पिल्लांत झाले तर काही तासांत पिल्लू जातं, तिथे घरगुती काही करू नका. घरातलं माणसांचं औषध तर चुकूनही नको, पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन असली अँटिबायोटिक्स तोंडाने दिली तर सशाच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि ससाही.

लाल शू! रात्री बघितली आणि झोप लागली नाही. ससा मजेत आहे, उड्या मारतोय.

मजेत असेल तर घाबरू नका. सशाची शू फिकट पिवळीपासून नारिंगी, विटकरी, अगदी लालपर्यंत होते, झाडपाल्यातले रंग उतरतात त्यात, आणि पडताना पिवळी असलेली हवेवर थोड्या वेळाने गडदही होते. एखादा नवीन पाला खाल्ला, ताण आला, औषध चालू असलं की होतं आणि दोनचार दिवसांत जातं. रंग सगळीकडे एकसारखा असेल तर बहुतेक हेच. पिवळ्या शूमध्ये लाल रेघा किंवा गुठळ्या असतील, कुंथत असेल, थेंब थेंब करत असेल तर डॉक्टर, आणि नसबंदी न झालेल्या मादीला असं झालं तर नक्कीच डॉक्टर, ते रक्त शूचं नसून गर्भाशयाचं असू शकतं. शंका असली तर थोडी शू सिरिंजने उचलून न्या, शूत बुडवायच्या पट्टीची तपासणी मिनिटभराची असते.

यालाच जोडून, दोघांनी विचारलंय की शू वाळल्यावर पांढरी पावडर राहते ते काय. ते कॅल्शियम. बाकीचे बहुतेक प्राणी लागेल तेवढंच कॅल्शियम आतड्यातून घेतात, ससा मिळेल तेवढं घेतो आणि जास्तीचं शूवाटे टाकतो. थोडी पावडर ठीक आहे. टूथपेस्टसारखा घट्ट लगदा यायला लागला तर ठीक नाही.

लेंड्या एकमेकींना केसांनी जोडून माळेसारख्या पडतात. फोटो सोबत. (हेच ते मोजपट्टीवाले.)

फोटो छान आहे. ससा केस बदलतोय, अंग चाटताना केस पोटात जातात आणि माळ होऊन बाहेर येतात. बाहेर येताहेत तोवर चांगलंच आहे. रोज ब्रश करा, गवत वाढवा, पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा, ससे वाडग्यातून जास्त पितात.

काळजी कधी, तर माळ थांबून लेंड्या लहान, काळ्या, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, कमी झाल्या, आणि मग बंद. तुमच्या मोजपट्टीचा खरा उपयोग इथे आहे, कारण कालच्या लेंडीपेक्षा आजची निम्मी झाली हे डोळ्यांना पटकन कळत नाही. सशाचं आतडं थांबणं हा सशांचा फार घातकी आजार, आणि त्यात ससा ओरडत नाही, नुसता कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, दात करकरवतो, आवडीचा खाऊ समोर धरला तरी तोंड फिरवतो. दहाबारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही असं झालं तर रविवार आहे, रात्र आहे असलं काही बघायचं नाही. माझा एक ससा मी असाच "सकाळी बघू" म्हणून घालवलाय. संध्याकाळी ट्रेमध्ये मोजून सहा लेंड्या होत्या, मी बघितल्या होत्या आणि ट्रे स्वच्छ आहे म्हणून खूश झाले होते.

पिंजरा रोज धुतो, तरी ससा उचलला की उग्र वास येतो.

शेपटीखाली, गुप्तांगाच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या खाचा असतात, तिथेही वासाच्या ग्रंथी. त्यात तपकिरी मेणासारखा मळ साठतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून हलकेच काढा, खरवडू नका, वाटल्यास ब्रश मारणाऱ्याकडून किंवा डॉक्टरकडून एकदा शिकून घ्या. दुसऱ्या कोणाला तरी ससा धरायला सांगा आणि स्वतः श्वास रोखून धरा, विनोद नाही करत.

दोन सख्ख्या बहिणी, दोघींची नसबंदी झालेली, दोन वर्षं एकत्र. एकीला दातांसाठी दवाखान्यात एक रात्र ठेवलं, परत आणली तर दुसरी तिला चावायलाच धावली आणि खोलीभर लेंड्या टाकून ठेवल्या. ओळख विसरली का?

चेहरा विसरली नाही, वास बदलला. दवाखान्यातून आलेली बहीण तिच्या लेखी औषधं, कुत्री आणि परक्या माणसांचा वास असलेली कोणीतरी उपरी आहे, म्हणून लेंड्या टाकून हद्द पुन्हा आखली. पुढच्या वेळी दोघींना एकाच पेटीतून न्या, बरोबरची निरोगी असली तरी, आणि जमलं तर दोघींना बरोबरच ठेवा. आत्ता मात्र जाळीच्या अलीकडे पलीकडे ठेवा, दोघींच्या खालची फडकी रोज अदलाबदल करा, एकाच टॉवेलने आधी हिचं डोकं पुसा मग तिचं, ट्रेही बदला. जाळीजवळ पाय पसरून एकमेकींशेजारी लोळायला लागल्या की अशा जागी सोडा जिथे दोघींपैकी कोणीच कधी सही केलेली नाही, बाथरूम बऱ्याचदा कामी येतं. केसांचे पुंजके उडाले तर वेगळं करा, जाड हातमोजे घालून, मध्ये उघडा हात घालू नका.

एकत्र असताना नवीन लेंड्यांचा खच कमी होत गेला की समजा मिटलं. मी तर मोजायचे.

लेंड्या कुंडीत घातल्या तर चालतात का?

खुशाल. शेणासारखं कुजवत ठेवायची गरज नाही, कोरड्या तशाच मातीत कालवा. आजारी किंवा औषध चालू असलेल्या सशाच्या मात्र नको, आणि मऊ गोळे नको, त्याने कुंडीभोवती माश्या होतात.